धावपट्टी सरकते तेव्हा आवाज कुणाच्या डोक्यावर जातो?

मोठ्या विमानतळाची धावपट्टी साधारण ३ ते ४ किलोमीटर लांब आणि ४५ ते ६० मीटर रुंद असते. हे झालं डांबराचं किंवा काँक्रीटचं माप. आवाजाच्या हिशेबाने तीच धावपट्टी तीस-चाळीस किलोमीटर लांब असते, कारण तिच्या दोन्ही टोकांना पंधरा-वीस किलोमीटरची एक न दिसणारी रेघ जोडलेली असते. विमानं उतरतात ती या रेघेवरून. रेघेखाली शेतं असतील तर फारसं कुणाचं बिघडत नाही. वस्ती असेल तर गजर न लावता जाग येते.

नवी धावपट्टी बांधली, जुनी दुरुस्तीला काढली, किंवा तिचं एक टोक थोडं आत घेतलं, की ही रेघ हलते. मग विमानतळापासून १२ किलोमीटरवर राहणाऱ्या, ज्याने आयुष्यात कधी विमानतळाची भिंतही पाहिलेली नाही अशा माणसाच्या घरावरून एखाद्या गुरुवारी दर दोन मिनिटांनी विमान जायला लागतं. (गुरुवार उगाच म्हटलं नाही. जगभरातले हवाई नकाशे २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने बदलतात आणि नवे नकाशे गुरुवारीच लागू होतात.) विमानं वाढलीत की काय, असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा विमानं तेवढीच असतात, फक्त काल ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरावरून जात होती.

हे कसं घडतं ते समजायला आधी वारा समजून घ्यावा लागतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. समोरचा वारा पंखांना फुकटचा वेग देतो, त्यामुळे धावायला कमी जागा पुरते. पूर्व-पश्चिम धावपट्टीवर पश्चिमेचा वारा असेल तर विमानं पूर्वेकडून येऊन उतरतात आणि पश्चिमेकडे उडून जातात. वारा फिरला की सगळं उलटं. म्हणूनच एका धावपट्टीला दोन नावं असतात. होकायंत्राचे अंश भागिले दहा हा आकडा टोकावर रंगवलेला असतो: पूर्वेकडे तोंड करून धावायचं तर ०९, पश्चिमेकडे तर २७. नोटिशीत ‘२७ वरची उतराई’ असं वाचलं तर ध्यानात ठेवा, त्रास धावपट्टीच्या पूर्वेला राहणाऱ्यांना आहे. ही गल्लत भल्याभल्यांची होते.

वारा मंद असेल तर कोणती दिशा वापरायची याची थोडी मुभा कंट्रोलरला असते, आणि कमी लोकांना त्रास होईल अशी दिशा तेव्हा निवडता येते. पण या मुभेला कुंपण आहे. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, सांगते की झोतांसकट मागून येणारा वारा ५ नॉटच्या वर, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटरच्या वर गेला, किंवा आडवा वारा १५ नॉटच्या वर गेला, तर धावपट्टी निवडताना आवाजाचा विचार निर्णायक धरू नये. ‘आमच्यावरून विमानं पाठवू नका’ या मागणीला पुष्कळदा जे उत्तर मिळतं त्यामागे हा ५ नॉटचा आकडा असतो.

आता तीन अंशांची गोष्ट. उतरणारं विमान बहुतेक ठिकाणी ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं. शाळेतली त्रिकोणमिती आठवली तर हिशोब सोपा आहे: दर किलोमीटरमागे सुमारे ५२ मीटर उतार. धावपट्टीपासून १० किलोमीटरवर विमान जमिनीपासून साधारण ५४० मीटरवर असतं, ५ किलोमीटरवर २७५ मीटरवर, आणि २ किलोमीटरवर जेमतेम १२० मीटरवर. या टप्प्यात त्याला वळता येत नाही. चाकं खाली आलेली, पंखांचे फ्लॅप उघडलेले, वेग स्थिर, नाक धावपट्टीच्या मध्यरेषेवर. आपल्याला जो घरघराट ऐकू येतो त्यात इंजिनाइतकाच वाटा चाकांच्या आणि फ्लॅपच्या भोवती फाटणाऱ्या हवेचा असतो.

उड्डाणाचं गणित वेगळं. इंजिन जोरात असतं, आवाज मोठा असतो, पण विमान उतरणीपेक्षा कितीतरी खड्या चढाने वर जातं आणि काही किलोमीटरवर वळूही शकतं. त्यामुळे उतरणाऱ्या विमानांचा आवाज एका अरुंद पट्ट्यात साचतो आणि उडणाऱ्यांचा पंख्यासारखा पसरतो. इंजिनं मात्र पूर्वीपेक्षा खूपच शांत झाली आहेत. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली दाखवून दिलं की जेटच्या झोताच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला की शक्ती २५६ पटींनी घटते. आजच्या इंजिनांचा पुढचा पंखा एवढा अवाढव्य का असतो, याचं एक कारण यात आहे: पुष्कळ हवा, पण सावकाश ढकललेली. अर्थात ज्याच्या घरावरून काल शून्य विमानं जात होती त्याला हे सांगून काही समाधान होत नाही.

दुरुस्तीचं काम निघतं तेव्हा

दर काही वर्षांनी धावपट्टीचा वरचा थर खरवडून नवा घालावा लागतो. दिवे, केबल, निचऱ्याच्या नाल्या बदलाव्या लागतात. विमानतळ बंद तर ठेवता येत नाही, म्हणून वाहतूक उरलेल्या धावपट्टीवर जाते. धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या असतील तर फरक फारच जाणवतो. एरवी वर्षातून मोजके दिवस, जोरदार आडवा वारा असेल तेव्हाच वापरली जाणारी दुसरी धावपट्टी आता एकटीच सगळा भार उचलते. तिच्या रेघेखालच्या वस्तीला सवयच नसते.

कधी धावपट्टी पूर्ण बंद न करता एका टोकाचं काम करतात आणि उतरण्याचा ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे धावपट्टीचा उंबरठा, आत सरकवतात. उंबरठा ६०० मीटर आत गेला की ३ अंशांची ती तिरकी रेघही ६०० मीटर पुढे सरकते आणि त्या बाजूच्या घरांवरून विमान सुमारे ३१ मीटर जास्त उंचीवरून जातं. वस्ती अगदी लगतची असेल तर एवढ्यानेही ऐकायला फरक पडतो, १० किलोमीटरवर मात्र कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण उडायला उरलेली लांबीही कमी होते. एरवी धावपट्टी लांब असली की वैमानिक इंजिनावर पूर्ण ताण न देता, कमी जोरावर विमान उडवतात, त्याने इंजिनाचं आयुष्य वाढतं. लांबी घटली की जोर वाढवावा लागतो. म्हणजे उतरणाऱ्यांपासून थोडा दिलासा आणि उडणाऱ्यांकडून जास्त गडगडाट, असा उलटसुलट व्यवहार होतो.

कामं बहुधा रात्री चालतात, कारण तेव्हा विमानं कमी असतात. इंजिनिअरच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण ‘कमी’ म्हणजे शून्य नव्हे. मोजदाद करणाऱ्यांनी रात्रीची विमानं वेगळ्या तराजूत घातली आहेत: युरोपच्या ‘एलडेन’ आणि अमेरिकेच्या ‘डीएनएल’ या दोन्ही मापांत रात्रीच्या प्रत्येक विमानाला १० डेसिबलचा जादा भार दिला जातो. गणितात याचा अर्थ रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांबरोबर. रात्रीची २० विमानं कामासाठी दुसऱ्या धावपट्टीवर वळवली, तर तिच्याखालच्या वस्तीच्या खात्यात दिवसाची २०० विमानं जमा झाली असं समजा.

नवी धावपट्टी जुन्या वाटाही वाकवते

सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट ही आहे. जुन्या धावपट्टीला समांतर नवी बांधली की तिच्या रेघेखालच्या लोकांना त्रास होणार, हे कुणालाही नकाशावर पट्टी ठेवून कळतं. पण जे कोणत्याच रेघेखाली नाहीत त्यांनाही तो होतो. दोन समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी, एकमेकांची वाट न पाहता विमानं उडवायची असतील, तर उड्डाणानंतर त्यांच्या वाटा एकमेकींपासून फाकायला हव्यात. आयकाओच्या जुन्या नियमाने ही फाकण निदान १५ अंशांची, आणि दोन धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत निदान ७६० मीटर अंतर. उतरणाऱ्या विमानांनी एकमेकांवर अवलंबून न राहता यायचं तर अंतर आणखी वाढतं, १,०३५ मीटरच्या वर.

१५ अंश म्हणजे १० किलोमीटरवर सुमारे २.६ किलोमीटर बाजूला. वर्षानुवर्षं सरळ जाणारी जुन्या धावपट्टीची विमानं आता बाजूच्या उपनगरावरून वळतात. त्या उपनगराने नव्या धावपट्टीचा नकाशा पाहून ‘आपण त्यातले नाही’ म्हणून हुश्श केलेलं असतं.

डांबर किती हललं यापेक्षा त्याने कोणता नियम मोकळा झाला, हे पाहायचं. लंडनजवळचा गॅटविक विमानतळ याचं नमुनेदार उदाहरण आहे. तिथली उत्तरेकडची धावपट्टी मुख्य धावपट्टीच्या इतकी जवळ आहे की दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. मुख्य बंद असेल तेव्हाच ती कामाला येते. तिची मध्यरेषा १२ मीटर उत्तरेला सरकवायची योजना आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला मंजुरी दिली. १२ मीटरने कुणाच्या कानाला काही कळणार नाही. पण त्या १२ मीटरमुळे दोन्ही धावपट्ट्या रोज वापरता येतील, आणि एका तासात उडणाऱ्या विमानांची संख्या वाढेल. खाली राहणाऱ्याला ते नक्की कळेल.

लंडनच्याच हीथ्रो विमानतळावर तर याच्या उलट झालं. क्रॅनफर्ड नावाच्या गावावरून उड्डाणं करायची नाहीत असा एक तोंडी समझोता १९५० च्या दशकात झाला होता. पूर्वेचा वारा असला की उत्तरेच्या धावपट्टीवरून विमानं उडवत नसत. त्यामुळे पूर्वेचा वारा असताना दोन धावपट्ट्यांमध्ये त्रास आलटून-पालटून वाटणं शक्य होत नव्हतं. सरकारने २००९ मध्ये हा समझोता मोडीत काढला. तरी क्रॅनफर्डवर लगेच विमानांची रीघ लागली नाही, कारण त्या टोकाला विमानं रांगेत आणायला पुरेसे टॅक्सीवे, म्हणजे विमानांचे जोडरस्तेच नव्हते. कागदावरची बंदी उठली होती, पण जोडरस्त्याचं न घातलेलं काँक्रीट तिची राखण करत राहिलं.

सरासरीची फसवणूक

प्रकल्प अहवालात विमानतळाभोवती सारख्या आवाजाच्या रेषा काढलेल्या असतात, टेकड्यांच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात तशा. ५५ डेसिबल, ६० डेसिबल, ६५ डेसिबल. हे आकडे वर्षाच्या सरासरीचे असतात, आणि डेसिबलची सरासरी हा जरा लबाड प्रकार आहे.

डेसिबलचं माप लॉगॅरिदमचं आहे. विमानं दुप्पट झाली तर सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते. अहवालात ‘जेमतेम ३ डेसिबलची वाढ’ असं वाचायला निरुपद्रवी वाटतं. त्याचा अर्थ दिवसाला १५० ऐवजी ३०० विमानं असाही असू शकतो.

दुसरी गंमत वाऱ्याची. समजा, वर्षातले १०० दिवस वारा असा असतो की विमानं तुमच्यावरून येतात, आणि त्या दिवसांची पातळी ६३ डेसिबल आहे. उरलेले २६५ दिवस एकही विमान नाही. वर्षाची सरासरी काढली की उत्तर येतं साडेसत्तावन्नच्या आतबाहेर. अहवालात तुमचं घर ६० च्या रेषेबाहेर. पण साडेसत्तावन्नचा दिवस तुम्ही कधी जगलेलाच नसता. एक तर ६३ चा जगता किंवा शांततेचा. दुरुस्तीच्या कामाचंही असंच होतं. आठ आठवड्यांचा धुडगूस बारा महिन्यांत वाटला की रेषा जागची हलत नाही.

या पेचातून बाहेर पडायचा एक बरा मार्ग ऑस्ट्रेलियाने काढला आणि तो मार खाल्ल्यावर काढला. सिडनीत नोव्हेंबर १९९४ मध्ये जुन्या उत्तर-दक्षिण धावपट्टीला समांतर तिसरी धावपट्टी सुरू झाली. जुनीला छेदणाऱ्या पूर्व-पश्चिम धावपट्टीचा वापर जवळजवळ थांबवला गेला. बेत असा की दक्षिणेला समुद्राची खाडी आहे, तिकडून जास्तीत जास्त वाहतूक करायची आणि एकूण कमी लोकांना त्रास द्यायचा. एकूण आकड्यात ते पटण्यासारखं होतं. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या दाट वस्तीवर सगळा भार एकवटला. हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि १९९५ मध्ये ‘नो एअरक्राफ्ट नॉइज’ या नावाचा पक्षच निवडणुकीला उभा राहिला. त्याच वर्षी रात्री ११ ते सकाळी ६ विमानांच्या संचारबंदीचा कायदा झाला. पुढे तासाला ८० विमानांची मर्यादा आली आणि १९९७ च्या आराखड्यात आवाजाची चक्क वाटणी ठरली: ५५ टक्के वाहतूक दक्षिणेला पाण्यावरून, १७ टक्के उत्तरेला, १५ टक्के पश्चिमेला, १३ टक्के पूर्वेला.

त्यानंतर तिथल्या अधिकाऱ्यांनी सरासरीच्या जोडीला एक साधं माप पुढे आणलं, ‘एन७०’: दिवसात ७० डेसिबलच्या वर जाणारी विमानं किती? बाहेर ७० म्हणजे खिडकी उघडी असताना घरात साधारण ६०, आणि त्या पातळीला समोरच्याचं बोलणं तुटायला लागतं. ‘दिवसात ४० वेळा तुमचं बोलणं तुटेल’ हे वाक्य कुणालाही कळतं. ‘५७.४ एलडेन’ कुणालाही कळत नाही. माझं मत विचाराल तर प्रत्येक धावपट्टीच्या नोटिशीत पहिलं वाक्य एन७० चंच असावं.

नवा आवाज जास्त का बोचतो

एकाच पातळीचा आवाज नव्याने अंगावर आला तर तो वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यापेक्षा जास्त बोचतो, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. फ्रँकफर्टच्या विमानतळाने २१ ऑक्टोबर २०११ रोजी वायव्येला चौथी धावपट्टी उघडली, फक्त उतरण्यासाठी. त्याच सुमाराला न्यायालयाच्या आदेशाने रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणबंदीही आली, म्हणजे कागदावर देवाणघेवाण झाली. तरीही लोक दर सोमवारी टर्मिनलमध्ये जमून निदर्शनं करायला लागले, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. पश्चिमेकडच्या फ्लोर्सहाइम गावात तर मोठ्या विमानांच्या मागे सुटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांनी घरांवरची कौलं उचलली, आणि विमानतळाच्या खर्चाने छपरं आवळून बांधायचा कार्यक्रम घ्यावा लागला. आवाजरेषेत कौलांचा रकाना नसतो.

लोकांची सहनशक्ती मोजायचे जुने आलेखही हल्ली अपुरे ठरले आहेत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २० विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून जास्त लोकांना विचारून केलेली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६५ डेसिबल डीएनएलच्या रेषेवर सुमारे १२ टक्के लोक अतिशय त्रासलेले असतात, असं १९७० च्या दशकापासूनच्या आलेखाने गृहीत धरलं होतं. नव्या पाहणीत तोच आकडा ६० ते ७० टक्क्यांच्या घरात निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तर २०१८ मध्येच विमानांच्या आवाजासाठी ४५ एलडेन आणि रात्री ४० ही पातळी सुचवली होती. कोणत्याही गजबजलेल्या विमानतळाभोवती ती गाठणं महाकठीण आहे.

ब्रिस्बेनची कथा थोडी वेगळी. तिथली नवी समांतर धावपट्टी १२ जुलै २०२० रोजी सुरू झाली, ऐन महासाथीत. आकाश रिकामंच होतं, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत या धावपट्टीचा खरा आवाज कसा असेल ते कुणाला कळलंच नाही. वाहतूक पूर्ववत होत गेली तसतशा तक्रारी चढत गेल्या. उद्घाटनाचा दिवस आणि आवाज सुरू होण्याचा दिवस एकच असतो असं नाही.

धावपट्टीच्या बाजूला राहणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या डोक्यावरून विमान जातच नाही, पण उड्डाणासाठी जोर लावलेल्या इंजिनांचा खालच्या पट्टीतला गुरगुराट सपाट जमिनीवरून घसरत येतो आणि खिडक्यांची तावदानं थरथरवतो. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाने शहरापासून दूर बांधलेली पोल्डरबान ही धावपट्टी २००३ मध्ये सुरू केली, आणि हा गुरगुराट होफडॉर्पच्या उत्तर भागात पोचला. मग लक्षात आलं की शेतं नांगरलेली असली की आवाज कमी येतो. त्यावरून तिथे मातीच्या सरळ वरंब्यांची एक बागच उभी केली, २०१३ मध्ये. आवाजाच्या सगळ्या उपायांत हा माझा आवडता. दुहेरी काचा बसवून माणसाला घरात कोंडण्यापेक्षा नांगराच्या तासांकडून शिकलेलं बरं.

तुमच्या भागात धावपट्टीच्या कामाची नोटीस आली तर रेषांच्या रंगीत नकाशात फार वेळ घालवू नका. विचारायचं ते एवढंच: कोणत्या टोकावरून उतरणार, रात्री किती, वाटा कुठे वाकणार, आणि आमच्या गल्लीचा एन७० किती. काम तात्पुरतं असेल तर किती आठवडे, आणि त्या आठवड्यांची सरासरी वेगळी काढून द्या म्हणावं. आणि विमानतळाच्या वीसेक किलोमीटरच्या आत घर घ्यायचं असेल तर ते एकदा पाहून ठरवू नका. एकदा एका वाऱ्याला जा, एकदा उलट्या वाऱ्याला. दलाल बहुधा शांत वाऱ्याच्याच दिवशी बोलावतो.